आनंदवल्लीचा काठ, बिवा सरोवरातली नाव

गंगापूर रोड अजून झालेला नाही. जेहान सर्कल नाही, लॉन्स नाहीत, पुढे धरणाची भिंतही नाही. तुमच्या पायाखाली काळी माती आहे, मृगाच्या सरीने नुकतीच भिजलेली. साल १७६८, महिना ज्येष्ठ. नाशिक पूर्वेला तीनेक मैल मागे राहिलंय. उजव्या हाताला गोदावरी, अजून उन्हाळ्यातलीच, खडकांतून वाट काढणारी. समोर एक वाडा आहे. चारेक वर्षांपूर्वी रघुनाथराव पेशवे, म्हणजे राघोबादादा, पुण्यावर रुसून इथे राहायला आले. त्यांनी वाडा बांधला, आणि पत्नी आनंदीबाईच्या नावावरून गाव आनंदवल्ली झालं.

तुम्ही इथे कोणालाही दिसत नाही. तुमच्या पणजोबांचे पणजोबाही अजून जन्मायचेत. अंगणातलं कुत्रं मात्र तुमच्या दिशेने बघून गुरगुरतं. कुत्र्यांना दिसतं, असं लहानपणी तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. आज त्याला जे दिसतंय ते तुम्हीच आहात. ही भुतांची गोष्ट आहे, आणि तिच्यात शिरायचं तर तुम्हालाच आधी भूत व्हावं लागणार.

वाड्यात जाऊ नका. वाड्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. गावाच्या कडेचं ते बुटकं घर बघा, तिथे चला. वळचणीखाली वाकून आत शिरलात की धुराने डोळे चुरचुरतात. चुलीपाशी एक सून बसलीय, वीस-बावीस वर्षांची. तिचा नवरा दादासाहेबांच्या फौजेत गेलाय. घरात बैलजोडी होती. त्यातला एक बैल विकून त्याने भाला घेतला, उरलेल्या पैशांत पागोटं आणि जोडा. जाताना म्हणाला होता, परत येईन तो घोड्यावर बसून.

“आत्याबाई, धोडपाखाली म्हणे मोठी गर्दी उडाली.”

“कोण सांगत होतं?”

“वाड्यावर पाणी भरते ती.”

“मग खरं असंल,” म्हातारी म्हणते, आणि पुढे काहीच बोलत नाही. जरा वेळाने फक्त एवढंच, “विस्तव झाक नीट. सकाळी लागंल.”

सून चुलीतले निखारे एकत्र ओढते. उलथन्याने राख वर लोटते, हाताने अलगद दाबते, मध्ये एक गोवरीचा तुकडा खुपसते. सकाळी राख उकरली की आत लाल डोळा असायला हवा. काडेपेटी यायला अजून वेळ आहे. विस्तव विझला तर शेजारणीकडे खापर घेऊन जावं लागतं, आणि शेजारणीच्या घरातलाही माणूस धोडपाकडेच गेलाय. अशा रात्री कोणी कोणाच्या दारात जात नाही.

धोडप इथून उत्तरेला, सातमाळ्याच्या रांगेत. १० जून १७६८ रोजी त्या किल्ल्याच्या पायथ्याशी पुतण्याने काकांना गाठलं. माधवराव पेशवे तेव्हा तेवीस वर्षांचे. दादा हरले, धरले गेले, आणि पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले गेले. दहा वर्षांपूर्वी अटकेपर्यंत घोडी दौडवलेला हा माणूस. त्याचं पुढे काय झालं ते इतिहासाच्या पुस्तकांत पानोपान आहे. बैल विकून गेलेल्या माणसाचं काय झालं ते कुठेच नाही. सून दाराशी येते, अंधारात उत्तरेकडे बघते. ती तुमच्या आरपार बघते.

आता इथून निघा. फार लांब जायचंय, पण वर्ष बदलायचं नाही.

जपानातलं ओसाका. १७६८ चाच वसंत, सरत आलेला. पाऊस पडून गेलाय आणि चंद्राभोवती धुरकट कडं आहे. खिडकीपाशी एक माणूस लिहितोय. त्याच्या हातांकडे बघा. लहानपणी देवी आल्या तेव्हा तो जेमतेम वाचला, पण बोटं अधू झाली. त्या बोटांत कुंचला धरून तो लिहितोय. त्याचं नाव उएदा अकिनारी, धंद्याने व्यापारी. जन्मदात्या आईने सोडून दिलेलं हे मूल एका व्यापाऱ्याने सांभाळलं, म्हणून दुकान वाट्याला आलं. जन्मसाल १७३४. राघोबादादांचंही जन्मसाल तेच.

आज रात्री तो आपल्या नऊ भूतकथांच्या संग्रहाची प्रस्तावना लिहून तारीख घालतोय. पुस्तक छापून यायला आठ वर्षं लागतील, १७७६ उजाडेल. मधल्या काळात आगीत त्याचं दुकान जळेल आणि तो वैद्यकी शिकेल. पण कथांची प्रस्तावना आजच्या रात्रीची आहे, आणि पुस्तकाचं नावही याच हवेतलं: उगेत्सु मोनोगातारी, पाऊस आणि चंद्र यांच्या गोष्टी.

त्याच्या खांद्यावरून वाचा. एका गोष्टीत बाप-लेक कोया पर्वतावर यात्रेला गेलेत, रात्री आसरा मिळत नाही म्हणून देवळाच्या आवारात बसून राहतात. मध्यरात्री एक लवाजमा येतो. मशाली, सरदार, मधोमध एक तरुण उमराव. तो तोयोतोमी हिदेत्सुगु. जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी त्याचा मामा. मामाने भाच्याला वारस नेमलं, मग स्वतःला मुलगा झाल्यावर १५९५ मध्ये याच पर्वतावर त्याला पोट चिरून घ्यायला लावलं. त्याच्या बायकामुलांनाही क्योटोत मारलं. कथेत तो दरवर्षी नव्हे, दरक्षणी तिथेच आहे. रात्र पडली की त्याचा दरबार भरतो.

तुम्ही मराठी आहात, त्यामुळे हे वाचताना तुमच्या पाठीतून जी कळ जाते ती अकिनारीला कळणार नाही. त्याची प्रस्तावना लिहून झाल्यावर पाचच वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, भर गणपतीत, शनिवारवाड्यात अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा, माधवरावांचा धाकटा भाऊ, गारद्यांच्या तलवारींपुढे धावत काकांना, म्हणजे राघोबादादांना, मिठी मारणार आहे आणि तरी मारला जाणार आहे. आजही पुण्यात कोणीतरी कोणाला सांगतच असतं, की अमुक रात्री वाड्यातून हाक ऐकू येते. जगाच्या दोन टोकांना, एकमेकांची गंधवार्ता नसताना, लोकांनी सत्तेसाठी घरातलं पोर मारणाऱ्यांविरुद्ध एकच फिर्याद नोंदवली: ते पोर अजून गेलेलं नाही. न्यायालय जे करू शकलं नाही ते भुताने करायचं, ही लोककथेची जुनी रीत आहे. म्हणून भूतकथेला मी कधी अडाणीपणा म्हणत नाही.

अकिनारीच्या नऊ गोष्टींपैकी दोन गोष्टी हातात धरा, त्या पुढच्या प्रवासात लागतील. एकीत नवरा पैसा कमवायला शहराकडे जातो, वर्षं उलटतात, परत येतो तर बायको त्याच घरात वाट बघत बसलेली. सकाळी कळतं की ती केव्हाच मेलीय. दुसरीत एका तरुणाला सुंदर बाई भेटते आणि ती बाई नसते, सर्पिणी असते. पावणेदोनशे वर्षांनी या दोन गोष्टी एकत्र विणल्या जातात. त्यात फ्रेंच कथाकार मोपासाँच्या एका गोष्टीचा धागाही मिसळतो.

वर्ष १९५३. जपान जळून आठ वर्षं झालीत. केंजी मिझोगुची नावाचा दिग्दर्शक दाइएई कंपनीसाठी ‘उगेत्सु’ हा सिनेमा करतोय. त्याच्या घरात गरिबी होती तेव्हा बहिणीला गीशाघरात विकलं गेलं, आणि पुढे तिच्याच पैशांवर तो जगला, वाढला. त्याच्या सिनेमांत बाईच्या चेहऱ्यावर कॅमेरा इतका का थांबतो याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही.

आता सिनेमात उतरा. साल १५८३, बिवा सरोवराकाठचं एक खेडं. गेंजुरो कुंभार आहे. भट्टी पेटलीय आणि त्याच वेळी शिबाता सरदाराची फौज गावात घुसते. माणसं पोराबाळांना उचलून रानात पळतात. गेंजुरोचा जीव मात्र भट्टीत अडकलाय. भांडी नीट भाजली गेली तर लढाईच्या महागाईत सोन्याच्या भावाने जातील. बायको, मियागी, त्याला ओढते. तिला सोनं नकोय. शेजारी तोबेई आहे, त्याला सामुराई व्हायचंय. त्याच्याकडे ना चिलखत, ना भाला. ते दोन्ही तो भांड्यांच्या पैशांतून घेणार आहे. आनंदवल्लीच्या त्या सुनेला हा सिनेमा दाखवता आला असता तर तिला यातलं काहीही समजावून सांगावं लागलं नसतं.

भांडी शाबूत निघतात. ती विकायला सरोवर ओलांडायचं. नावेत बसा.

पाणी दिसत नाही, धुकंच दिसतं. तोबेईची बायको ओहामा वल्हं मारते, गुणगुणते. मियागीच्या मांडीवर पोर आहे. कोणी मोठ्याने बोलत नाही. काझुओ मियागावा या छायालेखकाने हे सगळं करड्या रंगाच्या इतक्या छटांत धरलंय की काठ कुठला आणि आभाळ कुठलं ते तुम्हाला सांगता येणार नाही. मिझोगुचीला हा सिनेमा जुन्या जपानी चित्रांच्या गुंडाळीसारखा हवा होता, एका बाजूने उलगडत जाणारा. समोरून एक नाव येते, वल्ह्यावर कोणी नाही. भूतच असणार, तुम्हाला वाटतं, त्यांनाही वाटतं. नावेत एक मरायला टेकलेला माणूस आहे. तो सांगतो, पुढे चाचे आहेत, बायकांना सांभाळा, आणि मरतो. सिनेमातलं पहिलं भूत असं जिवंत माणूस निघतं. आणि पुढे ज्यांना तुम्ही माणसं समजाल त्यांच्याबद्दल आताच सावध व्हा.

गेंजुरो बायको-पोराला काठावर उतरवतो. लवकर येतो म्हणतो. मियागी काठावरून चालत राहते, नाव धुक्यात जाते. ती ओरडत नाही, हात हलवते.

बाजारात भांडी हातोहात खपतात. तिथे एक बाई येते, डोक्यावरून झिरझिरीत वस्त्र घेतलेली, सोबत म्हातारी दाई. भांडी घेते आणि वाड्यावर आणून द्या म्हणते. वाटेत गेंजुरो कापडाच्या दुकानाशी थांबतो, एक किमोनो बघतो, क्षणभर त्याला तो मियागीच्या अंगावर दिसतो. हा क्षण जपून ठेवा. माणूस वाईट नाही. त्याला खरोखर बायकोसाठी चांगलं लुगडं घ्यायचंय. बैल विकणाऱ्यालाही घोड्यावरून परत यायचं होतं ते कोणाला तरी दाखवायलाच.

मग त्या बाईचा, वाकासाचा, वाडा. तुम्ही शिरता तेव्हा गवत वाढलेलं, भिंती पडलेल्या. संध्याकाळ होते, दासी दिवे घेऊन फिरतात, आणि दिव्यामागून दिवा लागतो तसा वाडा उभा राहतो. माचिको क्योने वाकासा केलीय, चेहरा नो नाटकातल्या मुखवट्यासारखा, भुवया कपाळावर उंच रंगवलेल्या. ती चालत नाही, सरकते. ती त्याच्या भांड्यांचं कौतुक करते, तेही जाणत्या माणसासारखं. गेंजुरोच्या आयुष्यात त्याच्या कामाला कोणी सुंदर म्हटलेलं नाही. भुताने माणूस कशाने धरला ते इथे नीट बघा: रूपाने नंतर, आधी कौतुकाने.

ती गाते, नाचते. कोपऱ्यात चिलखत ठेवलंय, त्यातून मेलेल्या बापाचा आवाज गाण्याला साथ देतो. सकाळी डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यात दोघं उतरतात. कॅमेरा पाण्यावरून जमिनीवर येतो, रेघा ओढलेल्या वाळूवरून सरकतो, आणि वर बघतो तो सरोवराकाठी उजेडात चटई अंथरून दोघं बसलेली. किती दिवस गेले? तुम्हाला कळत नाही, त्यालाही कळत नाही. गोदावरीच्या काठावर वाढलेल्या माणसाला ही भूल ओळखीची आहे. डोहातल्या साती आसरा, वाटेवरची हडळ, पिंपळावरची जखीण, यांच्या गोष्टींतही चकवा लागलेला माणूस रात्रभर फिरतो आणि पहाटे त्याच झाडाखाली सापडतो.

आपल्या गोष्टींत मांत्रिक येतो, इथे एक बौद्ध पुरोहित येतो. बाजारात तो गेंजुरोचं तोंड बघूनच म्हणतो, तुझ्यावर मरणाची सावली आहे. गेंजुरोच्या पाठीवर, छातीवर तो मंत्राक्षरं रंगवतो. रात्री वाकासा हात लावायला जाते आणि मागे फेकली जाते. इथे भयपटाने तिला राक्षसीण करायचं असतं. मिझोगुची तसं करत नाही. दाई सांगते: आमचं सारं घराणं ओदा नोबुनागाने बुडवलं. ही पोर प्रेम म्हणजे काय हे कळायच्या आत मेली. तिला एकदा सुख मिळावं म्हणून आम्ही परत आलो. ते ऐकताना तुम्ही वाकासाच्या बाजूला झुकता. तिलाही लढाईनेच खाल्लंय. ती मियागीची वैरीण नाही, तिची थोरली बहीण आहे.

गेंजुरो तलवार फिरवत बाहेर पडतो, कोसळतो. उजाडतं तेव्हा तो जळक्या वाशांमध्ये पडलाय. वाडा कधीचा भस्म झालेला.

तोबेईचं काय झालं ते भराभर बघून घ्या. त्याने दुसऱ्याने कापलेलं एका सेनापतीचं मुंडकं पळवलं, बक्षीस मिळवलं, घोडा मिळवला, चाकर मिळवले. आपल्या माणसांपुढे मिरवत तो एका वेश्यागृहात शिरतो, आणि तिथे त्याला ओहामा भेटते. सैनिकांनी तिला पकडलं होतं, त्यानंतर तिला जायला जागा उरली नव्हती.

आणि मियागी. धुक्यात हात हलवणारी मियागी पोराला पाठीशी बांधून डोंगरवाटेने घरी निघते. वाटेत उपाशी शिपाई भेटतात. त्यांना तिच्याजवळची भाकर हवी असते. ती पोरासाठी राखलेला घास सोडत नाही. एक जण भाला खुपसतो. कॅमेरा त्या भाल्याजवळ जात नाही. मिझोगुची तुम्हाला लांब, उंचावर उभं करतो. खाली शिपाई ओरबाडलेला घास खात अडखळत जातात, आणि ती काठी टेकत पोराला घेऊन चार पावलं चालते. तुम्ही इथे आहात आणि काही करू शकत नाही. भूत असणं म्हणजे नेमकं हेच.

आता ज्या दृश्यासाठी हा सगळा प्रवास केला तिथे या. रात्री गेंजुरो घरी पोचतो. घर मोकळं. दार ढकलून आत येतो, मियागीला हाक मारतो. चूल थंड, भांडी विखुरलेली. तो मागच्या दाराने बाहेर पडतो, घराला वळसा घालतो. कॅमेरा आतच आहे; तो भिंतीच्या, खिडकीच्या कडेने बाहेर चालणाऱ्या गेंजुरोला न्याहाळत वळतो, आणि पुन्हा दारापाशी येतो तेव्हा चूल पेटलीय. मियागी चुलीपाशी बसून भांड्यात ढवळतेय. मध्ये कट नाही. कसलीही युक्ती नाही, धूर नाही, संगीताचा दणका नाही. कॅमेरा वळला तेवढ्यात ती आली. किनुयो तानाकाने मियागी केलीय, आणि ती नवऱ्याला एक अक्षर विचारत नाही. कुठे होतास, कोणाबरोबर होतास, काही नाही. तो सांगायला लागतो, चुकलो म्हणतो, ती त्याला पेज वाढते, झोपलेल्या पोराशेजारी त्याला निजवते. मग दिव्याच्या उजेडात त्याचे कपडे शिवत बसते. बाहेर उजाडायला लागतं आणि तिचा चेहरा, जो तुम्हाला सावलीत नीट दिसला नव्हता, हळूहळू उजेडात येतो.

सकाळी गावचा म्होरक्या पोराला शोधत येतो. तो सांगतो, मियागी मारली गेली. पोर माझ्याकडेच होतं, रात्री कसं कोण जाणे इथे आलं.

जगभरच्या पडद्यांवर भुतं खूप आली. इतकं घरातलं भूत दुसरं मला माहीत नाही. ती कोणाला घाबरवायला परत येत नाही. चुलीत जाळ करून नवऱ्याला गरम जेवण देण्याचं एक काम राहिलं होतं, तेवढ्यासाठी येते. १९५३ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाला रौप्य सिंह मिळाला. मिझोगुचीकडे त्यानंतर तीनच वर्षं उरली होती.

परत निघा, पण घरी पोचायच्या आधी दोन मुक्काम आहेत.

पहिला, धारचा किल्ला, १७७४ चा शेवट. नारायणरावाच्या खुनानंतर पेशवेपद दादांकडे आलं आणि बारभाईंनी, म्हणजे पुण्याच्या कारभाऱ्यांच्या गटाने, ते टिकू दिलं नाही. दादा पळतायत, गुजरातेकडे, इंग्रजांकडे. आनंदीबाई गरोदर आहेत. दादा त्यांना धारला ठेवून पुढे जातात. जानेवारी १७७५ मध्ये तिथेच मुलगा होतो, तोच पुढे दुसरा बाजीराव. मार्चमध्ये दादा सुरतेला इंग्रजांशी तह करतात. बायको-पोराला काठावर उतरवून नाव पुढे गेली. इथे किल्ल्याच्या तटावर थोडा वेळ उभे राहा. बाळंतीण, तान्हं मूल, आणि नवऱ्याचा पत्ता नाही. याचं चित्र मराठीत कोणी काढलंय? आपल्याकडे आनंदीबाईचं एकच चित्र आहे: दिवा, कागद, बोरू, आणि ‘ध’ चा ‘मा’, म्हणजे नारायणरावाला ‘धरावे’ या हुकमाचं ‘मारावे’. खुनाची चौकशी करणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांनी दोष दिला तो दादांना. त्या एका अक्षराच्या फेरफाराचा भरवशाचा पुरावा इतिहासाला मिळालेला नाही. तरी नाटकांनी, बखरींनी आणि आजीच्या गोष्टींनी शिक्षा ठोठावली ती आनंदीबाईला.

दुसरा मुक्काम पुन्हा आनंदवल्ली, १७९४. दादा अकरा वर्षांपूर्वी कोपरगावला वारले. त्यांच्यामागे १७८४ मध्ये धाकटा चिमाजी झाला. आई आणि मुलं कारभारी नाना फडणवीसांच्या पहाऱ्यात, आधी कोपरगावला, आणि आता इथे. ज्या गावाला आपलं नाव आहे त्याच गावात ही बाई कैदेत आहे. बाजीराव एकोणीस वर्षांचा, चिमाजी दहाचा. दाराशी शिपाई. नदी तशीच, खडकांतून. याच वर्षी आनंदीबाई इथे वारल्या. मुलांना पुढे जुन्नरला हलवलं गेलं.

मी आनंदीबाईंना निर्दोष ठरवत नाही. त्या महत्त्वाकांक्षी होत्या, राजकारणात मुरलेल्या होत्या, आणि दादांच्या डावांत त्यांचा हात होता हे मानायला जागा आहे. पण वाकासाही निर्दोष नाही. तिने एका बापाला त्याच्या पोरापासून तोडलं. मिझोगुचीने तिला आधी ऐकून घेतलं, मग तिचा वाडा जाळला. आपण आनंदीबाईचं काही ऐकलंच नाही. शनिवारवाड्यातून नारायणरावाची हाक येते अशी दंतकथा सगळ्यांना ठाऊक आहे. आनंदवल्लीच्या काठावर कोणी काही ऐकल्याची दंतकथा माझ्या कानावर कधी आलेली नाही. आणि धोडपाकडे बघत उभ्या असलेल्या त्या सुनेला तर भूत व्हायचाही अधिकार मिळाला नाही.

आता तुम्ही आजच्या गंगापूर रोडवर आहात. ट्रॅफिक आहे, पावसाची भुरभुर आहे, क्लासमधून सुटलेली मुलं स्कूटरवर आहेत. उजवीकडे आत वळलं की नवश्या गणपती. या गणपतीची कहाणी दादा आणि आनंदीबाईंच्या नवसाशी जोडलेली आहे; तिथे दर्शनाला येणाऱ्या बायका नवस करतात, फेडतात. शेकडो कुटुंबं पत्त्यात रोज आनंदवल्ली लिहितात, कुरिअरवाल्याला फोनवर सांगतात. जिचं नाव सांगतायत ती बाई इथेच कैदेत वारली, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल.

हे नाशिक सिनेमाचं गाव आहे. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला जन्मले. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झाल्यावर त्यांनी बिऱ्हाड इथे आणलं, १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथूनच चालवली, आणि १९४४ मध्ये याच गावात ते गेले. आज इथल्या कॉलेजांतून मुलं-मुली मोबाइलवर शॉर्टफिल्म करतात, त्यांत भुताच्या पुष्कळ असतात. त्यांना माझं मागणं आहे. ‘उगेत्सु’ दीड तासाहून थोडाच मोठा आहे; एका पावसाळी रात्री दिवे मालवून, फोन बाजूला ठेवून तो पाहा, आणि चुलीचं ते दृश्य पुन्हा मागे नेऊन पाहा, कॅमेरा कुठे उभा आहे ते शोधा. मग आनंदवल्लीवर सिनेमा लिहा. तो ‘ध’ चा ‘मा’ पासून सुरू करू नका. धारच्या किल्ल्यापासून सुरू करा.